जमलं

२ डिसेंबर

मेडिकलवाल्याने जानेवारीत दिलेली ही डायरी अकरा महिने कोरी पडून होती. पहिल्या पानावर आईने तिच्या गोळ्यांच्या वेळा लिहिल्यात, पुढे काही नाही. एक महिना उरलाय, तेवढा वापरून टाकते.

कालपासून नवी नोकरी. अंधेरी पूर्व, चकाल्याच्या पुढे, चौथा मजला. कॅनडातल्या एका ट्रक कंपनीच्या ड्रायव्हरांचं रस्त्यात काही अडलं की ते फोन करतात आणि तो फोन इथे आमच्या कानात वाजतो. त्यांची रात्र ती आमची सकाळ, म्हणून पाळी साडेसहा ते साडेतीन. थंडीपुरतंच काम, डिसेंबर ते मार्च. नाव 'विंटर डेस्क'. ड्रायव्हर बरेचसे पंजाब-हरियाणाकडचे, म्हणून हिंदी बोलणारी माणसं हवी होती. इंटरव्ह्यूत देवेशने विचारलं, "हिंदी कशी आहे?" देवेश म्हणजे आमचा सुपरवायजर, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मी म्हटलं, "वाकोल्यात जन्म झालाय." तो हसला. तेवढाच इंटरव्ह्यू.

मग फॉर्मवरचं नाव वाचून म्हणाला, "शीतल? आणि विंटर डेस्क? झकास यार." बर्फ मी फक्त गोळेवाल्याकडे पाहिलाय, हे त्याला सांगितलं नाही.

५ डिसेंबर

ट्रेनिंग संपलं. बावीस मुद्द्यांची यादी दिलीय, ड्रायव्हरचा फोन आला की त्यातलं वाचून दाखवायचं. ओल्या रस्त्यावरून येऊन गाडी उभी केली की हँडब्रेक लगेच लावायचा नाही, नाहीतर ब्रेक ड्रमला चिकटून गोठतो. हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं, नाहीतर पाइपात बर्फ होतो. ट्रेलर जोडताना ग्रीस दगडासारखं झालेलं असतं, लॉक बसल्यासारखा दिसतो पण बसलेला नसतो, म्हणून गाडी जराशी पुढे ओढून बघायची. खाली अमेरिकेत भरलेलं डिझेल वर थंडीत नेलं की मेणासारखं घट्ट होतं. ओला हात लोखंडाला लावायचा नाही.

नानांना सगळी यादी वाचून दाखवली. माझे वडील मूळचे ट्रकवाले, बावीस वर्षं ट्रक चालवलाय त्यांनी, भिवंडीहून पार जम्मूच्याही पुढे. खुर्चीत बसल्या बसल्या मान डोलवत होते. "टाकीचं पाणी आम्ही पण काढायचो. बारा महिने. आणि डिझेलचं म्हणशील तर एकदा बनिहालच्या घाटात काय झालं, थंडी अशी की..." दूध उतू जायला लागलं म्हणून मी उठले. परत आले तोवर ते टीव्ही बघत होते.

चारला त्यांचे तळवे बघते. साखरेमुळे तळव्यांना काहीच कळत नाही त्यांच्या. मागे टाचणी रुतून बसली होती, तीन दिवस पत्ता नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, दुखतंय का असं विचारायचं नाही, डोळ्यांनी बघायचं, रोज. हे काम आधी आईचं होतं.

८ डिसेंबर

परवा सहा तारीख झाली. आईशिवायची पहिली. नानांना रांगेत उभं राहणं शक्य नाही आणि मला सुट्टी नव्हती. संध्याकाळी घरीच बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, शेजारी आईचा फोटो. नाना रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि कूकर लावला. ऑगस्टमध्ये आई गेली तेव्हाही सगळे म्हणत होते, पोरगी खंबीर आहे. मी खंबीर नाहीये. मला काही होतच नाहीये, एवढंच.

१३ डिसेंबर

आज एकटीने सात कॉल घेतले. एकाचा ब्रेक चिकटला होता, त्याला हातोडीने ड्रमवर ठोकायला सांगितलं. दहा मिनिटांनी फोन केला, "जमा क्या?" तो म्हणाला, "हो गया जी, निकल गए." जमलं!

देवेश रेकॉर्डिंग ऐकतो. म्हणाला, "स्क्रिप्टमध्ये 'क्या आपकी समस्या का समाधान हुआ' असं आहे. तू सरळ 'जमा क्या' विचारतेस." मी म्हटलं, समाधान हुआ असं मी आयुष्यात कुणाला विचारलेलं नाही. म्हणाला, "असू दे, ड्रायव्हरना आवडतंय. रेटिंग भारी येतंय तुझं."

२१ डिसेंबर

सोनूबाई आत्या मुलुंडहून स्थळ घेऊन आली. हर्षद नाव, बँकेत आहे. बघायला गेलो, चहा प्यायलो. तो बरा होता. त्याने विचारलं, तुम्हाला काय आवडतं, आणि मला उत्तर सुचलं नाही. खरंच सुचलं नाही. आत्याने रिक्षात तीनदा विचारलं, "जमेल असं वाटतं का गं?" मी म्हटलं, बघू.

३ जानेवारी

नवी डायरी. मेडिकलवाल्याने आठवणीने ठेवली होती. जुनीतलं आईचं पान फाडून हिच्यात घालून ठेवलंय, का ते माहीत नाही. आमच्याकडे सकाळी सतरा डिग्री होतं, तिकडे उणे अठ्ठावीस. देवेश म्हणतो, आत्ता खरा सीझन.

१४ जानेवारी

आज एक कॉल चांगला झाला म्हणून चहा निवतोय तोवर लिहून टाकते.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं, म्हणजे तिकडचे रात्रीचे नऊ चाळीस. ड्रायव्हर चंद्रप्रकाश, कर्नालजवळचा, तिकडे जाऊन आठ महिने झालेत. गाडीची ताकद कमी होत होत शेवटी हायवेच्या कडेला बंद पडली. बाहेर उणे एकतीस. डिझेल दोन दिवसांपूर्वी खाली अमेरिकेत भरलेलं. यादीतला चौदावा मुद्दा. मी वाचून दाखवलं, डिझेल पातळ करायची बाटली टाकीत ओता, फिल्टर बदला, वीस मिनिटांनी स्टार्टर मारा. गरीब वाटला आवाजावरून. सारखा "जी मैडम, जी मैडम".

पंचवीस मिनिटांनी मीच लावला. वारा एवढा की निम्मं ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, "जमा क्या?" तो म्हणाला, "हां जी मैडम, जम गया. पूरा जम गया." मी म्हटलं, "अरे वा, बढ़िया! थैंक यू. अभी फिकर मत करो." तेवढ्यात त्याचा फोन गेला. थंडीत फोनच्या बॅटऱ्या पटकन मरतात. कॉल बंद केला: रिझॉल्व्ह्ड, ड्रायव्हरने स्वतः सांगितलं.

निघेपर्यंत नकाशावर त्याचा ठिपका तिथेच होता. झोपला असेल. त्यांना दहा तास सक्तीची विश्रांती असते.

पहिल्यांदा असं वाटलं की कुणाच्या तरी उपयोगी पडले. जमलं.

तीच तारीख, संध्याकाळी सहा

चहा देताना नानांना सांगितलं. म्हटलं, तुमचा बनिहालवाला प्रकार आज मी फोनवरून सोडवला. ते खूश झाले. म्हणाले, "काय म्हणाला पोरगा?" मी त्याचा आवाज काढून दाखवला, "पूरा जम गया, मैडम."

नानांनी कप खाली ठेवला.

"मग गाडी पाठवलीत ना?"

"कसली गाडी? जमलं ना त्याचं."

"शीतल, उत्तरेकडची पोरं जम गया म्हणतात ते गोठलं म्हणून. तेल जम गया. बनिहालला आम्ही बोळे पेटवून टाकीखाली धरायचो, तेव्हा पोरं हेच ओरडायची. जम गया, जम गया." मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "किती वाजता बोललीस त्याच्याशी?"

देवेशला फोन लावला. तो म्हणाला, "मी तुलाच करणार होतो. दोन तास झाले, बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला दिसला. जिवंत आहे. इंजिन बंद, हीटर बंद, सहा तास. हात गेलेत म्हणतात."

हात गेलेत म्हणजे काय, हे विचारायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

१५ जानेवारी

कामावर गेले. नऊ कॉल घेतले. प्रत्येकाला विचारलं, "क्या आपकी समस्या का समाधान हुआ?"

दही जम गया, बर्फ जम गया, हे मला माहीत नाही असं नाही. हिंदी पिक्चर बघत मोठी झालेय. पण आमच्या घरात दही लागतं आणि बर्फ होतो. जमतं ते काम. जमतं ते लग्न. कान घरचाच असतो, हे काल कळलं.

१७ जानेवारी

उजव्या हाताची तीन बोटं काढली. तर्जनी, मधलं, अंगठीचं. फिल्टर बदलताना हातमोजे डिझेलने भिजले होते. ते त्याने काढून टाकले, कारण ओले घालू नका असं यादीत आहे. ते मीच वाचून दाखवलं होतं.

नाना म्हणाले, "आता गिअर कसा टाकणार तो?" मग टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांना वाटलं मला लागेल. मला काही वाटलं नाही. भाजी बरी झाली होती, दोन पोळ्या खाल्ल्या.

१९ जानेवारी

फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फाचा थर साठलाय. त्याच्यावर हात दाबून धरला आणि मोबाइलवर वेळ लावली. एका मिनिटाला चावतं. तिसऱ्या मिनिटाला एवढं दुखतं की हात आपोआप मागे येतो, पुन्हा दाबला. सहाव्या मिनिटाला दुखायचं थांबलं. एकदम बरं वाटायला लागलं. तिथे घाबरून हात काढला.

नाना दारात उभे होते. "काय करतेयस?"

"बर्फ झालाय, काढतेय."

"चमच्याने काढ," म्हणाले आणि आत गेले.

२२ जानेवारी

सकाळी दहाला डेस्कवर फोन. "शीतल मैडम हैं?" हॉस्पिटलमधून बोलत होता चंद्रप्रकाश. नर्सने फोन धरला होता म्हणे.

मला वाटलं शिव्या घालणार. तयार होते मी. पण तो म्हणाला, "मैडम, आपने गाड़ी भेजी थी ना? रास्ता बंद होगा, इसलिए नहीं पहुँची."



तो सांगत राहिला. तासाभराने एक ट्रकवाला त्याच्याजवळ थांबला होता. गोरा, म्हातारा. आत बस म्हणाला, पुढच्या गावात सोडतो. याने त्याला हात जोडून परत पाठवलं. "मैंने बोला, मेरी कंपनी से गाड़ी आ रही है. आपने बोला था ना, फिकर मत करो."

मी म्हटलं, "हां जी." मग म्हटलं, "रास्ता बंद था."

हे इथे लिहायलाच हवं. मी म्हटलं, रास्ता बंद था.

तो म्हणाला, "कोई बात नहीं मैडम. आप लोग तो इतनी दूर बैठे हो."

२७ जानेवारी

आज देवेशने काचेच्या खोलीत बोलावलं. दार लावलं. तिकडच्या कंपनीचं म्हणणं असं की ड्रायव्हरने स्वतः दुरुस्ती झाल्याचं सांगितलं आणि नंतर आळसाने तिथेच झोपला, मदतीला थांबलेल्या माणसालाही परत पाठवलं. दोष त्याचा. तसं ठरलं की त्याची नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की तिथे राहायची परवानगी पण. कर्नालला परत. सात बोटं घेऊन.

चंद्रप्रकाश मात्र म्हणतोय की त्याने गोठलं असंच सांगितलं होतं. म्हणून त्यांनी रेकॉर्डिंग काढलं. तिकडे ऐकणाऱ्याला हिंदी येत नाही. म्हणून ते भाषांतरासाठी कुठे पाठवलं? आमच्याकडेच.

"तुझाच कॉल आहे, तूच कर," देवेश म्हणाला. "चार ओळी आहेत."

मी म्हटलं, "त्यात काय लिहू?"

"जे आहे ते. तू विचारलंस जमा क्या, म्हणजे झालं का. तो म्हणाला जम गया, म्हणजे झालं. एकच शब्द आहे ना दोन्हीकडे? मग एकच अर्थ लाव. खोटं काय आहे त्यात?"

"त्याचा अर्थ तो नव्हता, देवेश."

"तुला कसं माहीत? तू तेव्हा काय समजलीस?"

"जमलं असं."

"मग तेच लिही ना यार." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बघ शीतल, मी वाईट माणूस नाहीये. मला पण झोप नाही. पण दुसरं काही लिहिलंस तर डेस्क बंद करतील ते. अकरा जण आहोत आपण. तुझं तर नाव येईल सगळीकडे, पुन्हा कुठे फोन उचलायला मिळणार नाही. नाना आहेत तुझ्याकडे. सगळ्यांचीच वाट लागेल. उद्या अकरापर्यंत दे."

त्याचं म्हणणं पक्कं आहे, त्यात फट सापडत नाही. बसमध्ये पूर्ण वेळ शोधत होते.

घरी आल्यावर नानांना सगळं सांगितलं. 'रास्ता बंद था' ते पण. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "बनिहालला मला एका सरदाराने ओढत नेलं होतं, त्याच्या गाडीत. मी नाही म्हणत होतो. माल सोडून कसा येऊ, म्हणत होतो. त्याने ऐकलं नाही माझं."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतेस. माझ्या गोळ्यांचं बघू आपण, सरकारी दवाखान्यात मिळतात."

२८ जानेवारी

साडेसहाला बसले. डोक्यावर हेडफोन, रेकॉर्डिंग एकोणीस सेकंदांचं. तेरा-चौदा वेळा ऐकलं. वाऱ्याच्या आवाजात मागे त्याचे दात वाजताना ऐकू येतात. तेव्हा मला ते लाइनची खरखर वाटली होती.

त्याचा आवाज खूश नाहीये. कुठूनही ऐका, तो खूश माणसाचा आवाज नाहीये. हिंदी येत नसलं तरी कळेल कुणालाही, मला तेवढं कळलं नाही.

एकच शब्द, दोन अर्थ, एक माझा आणि एक त्याचा. दोन्ही लिहिले. पाठवलं इंग्रजीत, इथे आपल्या भाषेत लिहून ठेवते:

ऑपरेटर: काम झालं का?
ड्रायव्हर: हो मॅडम, गोठलं. पूर्ण गोठलं.
ऑपरेटर: अरे वा, छान! थँक्यू. आता काळजी करू नका.

खाली टीप घातली की दोघांनी वापरलेला शब्द एकच होता, ऑपरेटरने चुकीचा अर्थ घेतला, आणि ऑपरेटर मी आहे. ड्रायव्हरला गाडी पाठवल्याचं बावीस तारखेला सांगितलं तेही खोटं, कोणतीही गाडी निघाली नव्हती. याची एक प्रत चंद्रप्रकाशला जाईल. त्याला कुणीतरी वाचून दाखवेल.

दहा चाळीसला पाठवून दिलं. देवेशने त्याच्या स्क्रीनवर वाचलं, हेडफोन काढला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. साडेतीनपर्यंत मी अकरा कॉल घेतले. उद्या ऑफिसच्या दाराशी माझा पास चालेल की नाही, माहीत नाही.

घरी आले. नानांनी विचारलं, "झालं का?" जमलं का असं नाही म्हणाले. मी म्हटलं, झालं.

चार वाजले होते. नाना खुर्चीत बसले, मी खाली, त्यांचा पाय मांडीवर घेतला. टाच बघितली, बोटांच्या बेचक्या बघितल्या. पाचही बोटं एकेक करून बघितली. तिथे काय झालं मला माहीत नाही, तिसऱ्या बोटापाशी असेन. आई गेल्यापासून पहिल्यांदा. आवाज येऊ दिला नाही. नाना पेपर वाचत होते, तळव्यावर काही पडतंय ते त्यांना कळायचं कारण नव्हतं. ओढणीचं टोक घेतलं आणि पुसायला लागले.

पेपर खाली झाला.

"काय आहे का तिथे?"

"काही नाही."

"मग पुसतेयस काय?"